छपरांवरचे नगर

टेबलावर मांडलेल्या चिमुकल्या नगराकडे आपण पाहू लागलो, की प्रथम नजरेत भरतात ती त्याची छपरे. खऱ्या शहरात याच्या अगदी उलट असते. रस्त्याने चालणाऱ्या माणसाला भिंती दिसतात, दारे-खिडक्या दिसतात, दुकानांच्या पाट्या दिसतात. छपराची म्हणाल तर वळचणीची एक कड तेवढी त्याच्या वाट्याला येते. टेबलाशी उभा राहिलेला खेळाडू मात्र त्या नगराच्या मानाने चाळीसएक मीटर उंचीवरून खाली पाहत असतो. असे असूनही हौशी कारागिराचे बहुतेक श्रम भिंतींवर खर्ची पडतात. विटा कोरल्या जातात, खिडक्यांना गज बसतात, आणि छप्पर म्हणजे सगळे आटोपल्यावर वर ठेवावयाचे झाकण, अशी समजूत असते. प्रस्तुत लेखाचा विषय हे झाकणच आहे.

कोणत्या खेळांविषयी आपण बोलत आहोत हे आधी सांगावयास हवे, कारण पुष्कळांनी ते फार तर एखाद्या परदेशी मालिकेत पाहिले असतील. अद्भुतरम्य सृष्टीत घडणारे हे खेळ टेबलाभोवती बसून खेळावयाचे असतात. त्यांचे ढोबळमानाने दोन प्रकार आहेत. पहिल्यात प्रत्येक खेळाडू एकेका पात्राची भूमिका घेतो, कोणी चोर होतो, कोणी मांत्रिक, कोणी योद्धा. आणि एक जण सूत्रधार होऊन त्यांच्यापुढे प्रसंग उभे करतो. काय साधले आणि काय फसले याचा निकाल बहुधा फासा देतो. दुसऱ्या प्रकारात सूत्रधार नसतो. दोन खेळाडू आपापली टोळी घेऊन समोरासमोर येतात आणि इंचपट्टीने अंतर मोजून सोंगट्या हलवतात. सोंगटी साधारण २८ मिलिमीटर उंचीची, म्हणजे खरा माणूस सुमारे ६० पट लहान केलेला. पहिल्या प्रकारात एक इंच म्हणजे पाच फूट असा हिशेब रूढ आहे, आणि तो याच प्रमाणाशी जुळतो.

अशा नगराच्या छपरावर दोन कायदे चालतात. एक पावसाचा आणि आगीचा. त्याने खऱ्या शहरांतील छपरांना त्यांचा आकार दिला. दुसरा इंचपट्टीचा आणि फाशाचा. हे दोन कायदे पुष्कळदा एकमेकांशी भांडतात. त्यांच्यात समेट घडवून आणणे हेच छप्पर करणाऱ्याचे खरे काम होय, आणि तो समेट नीट झाला नाही तर खेळाडूंचा एकमेकांवरचा विश्वास उडतो, असे माझे मत आहे.

भुयारातून छपराकडे

भूप्रदेश मांडून लढाया खेळण्याची रीत प्रामुख्याने प्रशियात वाढीस लागली. १८१२ मध्ये राइसवित्झ नावाच्या एका उमरावाने राजा तिसरा फ्रीडरिश विल्हेल्म याला खेळण्यासाठी एक टेबल करून दिले. त्यावर टेकड्या, नद्या, गावे उठावात घडवलेले चौकोनी तुकडे हवे तसे मांडता येत. १८२४ मध्ये त्याच्या मुलाने तो खेळ १:८००० प्रमाणाच्या नकाशावर आणला. या प्रमाणात मोठा वाडासुद्धा मोहरीएवढा दिसतो. त्याच्या छपराचा प्रश्नच येत नाही.

पुढे एच. जी. वेल्स या इंग्रज कादंबरीकाराने १९११ मध्ये 'फ्लोअर गेम्स' आणि १९१३ मध्ये 'लिटल वॉर्स' अशी दोन छोटी पुस्तके लिहिली. खेळण्यातले शिपाई आणि खेळण्यातल्या तोफा घेऊन घराच्या फरशीवर कशा लढाया कराव्यात हे त्यांत आहे. वेल्सने एक सूचना केली आहे, तिच्याकडे लक्ष वेधावेसे वाटते. घरे पोकळ नकोत, भरीव लाकडी ठोकळ्यांची असावीत. नाहीतर भलतेसलते पेच उभे राहतात, असे तो म्हणतो. पेच म्हणजे आत किती शिपाई मावतात, खिडकीतून गोळी येते की नाही, असल्या प्रकारचे. वेल्सने घर भरीव करून पेच मिटवला. नंतरच्या पिढ्यांनी तोच पेच खेळात मुद्दाम परत आणला.

१९७४ मध्ये अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ प्रसिद्ध झाला आणि भूमिकांचे खेळ सुरू झाले. नावावरूनच कळेल की पहिली काही वर्षे या खेळाचा ओढा जमिनीखाली जाण्याकडे होता. भुयाराचा नकाशा चौकटीच्या कागदावर सपाट काढता येतो. डोक्यावर दगडी छत असते, आणि पडण्याचे भय खड्ड्यापुरतेच. १९७५ च्या 'ग्रेहॉक' या पुरवणीत चोर हे पात्र आले. १९७८ च्या खेळाडूंच्या पुस्तकात पहिल्या पातळीच्या चोराला भिंत चढून जाण्याची ८५ टक्के शक्यता दिलेली आहे. भिंत चढता येऊ लागली तशी वरची वाट उघडली. दरम्यान १९७६ मध्ये जजेस गिल्ड या संस्थेने एका संपूर्ण नगराचा मोठा नकाशा पुस्तिकेसह बाजारात आणला होता, आणि सूत्रधारांना भुयाराऐवजी शहर मांडण्याची गोडी लागली होती.

परंतु शहराची खरी गोडी लावली ती फ्रिट्झ लायबर या कथाकाराने. फाफर्ड आणि ग्रे माउझर या त्याच्या जोडगोळीची पहिली कथा १९३९ मध्ये छापली गेली, आणि त्या दोघांची पहिली गाठ कशी पडली हे सांगणारी दीर्घकथा १९७० मध्ये. अद्भुतकथांतले नायक तोवर बहुधा रानावनांत आणि उद्ध्वस्त मंदिरांत भटकत असत. लायबरची माणसे मुरलेली शहरी आहेत. त्यांच्या लांखमार नगरात चोरांचा रीतसर संघ आहे, रात्री धुके आहे, आणि धूर तर इतका की नगराला त्यावरूनच उपनाव पडले आहे. धूर आला की धुराडी आली. गायगॅक्सने १९७९ च्या सूत्रधारांच्या पुस्तकात ज्या लेखकांचे ऋण मानले त्यांत लायबर आहे, आणि १९८५ मध्ये लांखमारवर स्वतंत्र पुस्तकही याच खेळासाठी निघाले. वाङ्मयाच्या विद्यार्थ्याला यात एक गंमत दिसावी: आधी कथा, मग नियम, आणि शेवटी पुठ्ठा अशा क्रमाने हे नगर उभे राहिले.

उडी आणि पतन

गल्लीची रुंदी हा छपरावरच्या खेळाचा प्राण होय. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या २०१४ च्या पाचव्या आवृत्तीतील नियम पाहा. पात्राचे बळ अंकांत दिलेले असते. सामान्य माणसाचे १०. दहा फूट धावत येऊन उडी मारली, तर जितका बळाचा अंक तितके फूट अंतर पात्र ओलांडते. जागच्या जागी उडी मारली तर त्याच्या निम्मे. मूळ नियमात यासाठी फासा टाकावा लागत नाही. म्हणजे १० फुटांची गल्ली, टेबलावर दोन इंच, सामान्य माणूस धावत येऊन पार करील. ८ बळाचा मांत्रिक अलीकडेच राहील. आणि १६ बळाचा योद्धा १५ फुटांची गल्लीसुद्धा ओलांडील. सूत्रधाराने गल्ली दोन इंचांची ठेवली की तीन इंचांची, यावर पाठलाग कोणापुरता संपतो हे ठरून जाते.

शिवाय धावत येण्यासाठी लागणाऱ्या दहा फुटांचे काय? कडेच्या अलीकडे, छपरावर, दोन इंचांची सरळ वाट हवी. नुसत्या नकाशावर हे कोणाच्या ध्यानात येत नाही. 'मी धावत येऊन उडी मारतो' असे म्हटले की काम झाले. प्रतिकृती समोर असली म्हणजे आढ्याच्या वाटेत धुराडे आडवे आलेले सर्वांनाच दिसते. मग धुराड्याला वळसा घालावा लागतो, नाहीतर जागच्या जागी पाच फुटांची उडी मारून समाधान मानावे लागते. पुठ्ठ्याच्या एका तुकड्याने कथेला असे वळण द्यावे, यातच या कलेचे सारे आकर्षण आहे.

आता पतनाकडे वळू. याच खेळात दर दहा फुटांमागे सहा बाजूंचा एक फासा टाकतात आणि येईल तेवढी इजा मोजतात. फाशांची कमाल मर्यादा वीस. तीस फुटांवरून पडल्यास तीन फासे, सरासरी साडेदहा. पहिल्या पातळीच्या मांत्रिकाजवळ सहा-आठ प्राणांक असतात, तेव्हा तो बहुधा जमिनीवर निपचित पडणार. पण हाच मांत्रिक वर्षभराच्या खेळानंतर साठ-सत्तर प्राणांकांचा धनी झाला, की त्याच तीन मजल्यांवरून पडून तो उठतो, अंगरखा झटकतो आणि चालू लागतो. येथे छपराचे भय संपते आणि छप्पर नुसता देखावा होऊन राहते. हा मला या खेळाचा मोठा दोष वाटतो. शूर माणूस तलवारीच्या वारांतून वाचतो हे पटते. शूर माणसाला जमीन कमी लागते हे काही केल्या पटत नाही.

या बाबतीत 'मॉर्डहाइम' हा दुसऱ्या प्रकारचा खेळ अधिक सच्चा आहे. इंग्लंडमधील गेम्स वर्कशॉप या कंपनीने तो १९९९ मध्ये काढला. आकाशातून कोसळलेल्या धूमकेतूने उद्ध्वस्त झालेले एक नगर, आणि त्याच्या अवशेषांत जादूच्या दगडांसाठी झगडणाऱ्या टोळ्या, असा त्याचा विषय. खेळाच्या पेटीतच पुठ्ठ्याच्या पडक्या इमारती मिळत. सामान्य माणूस येथे एका फेरीत चार इंच चालतो आणि त्याचे चापल्य ३ असते. म्हणजे सहा बाजूंच्या फाशावर १, २ किंवा ३ पडले तर साधले. गल्ली जास्तीत जास्त तीन इंचांची असली तरच उडी मारता येते. उडीचे अंतर चालीतून वजा होते. आणि वर चापल्याचा फासा टाकावा लागतो. तो चुकला तर सोंगटी खाली. अर्ध्याअर्ध्या शक्यतेचा हा जुगार आहे.

खाली उडी घ्यावयाची असेल तर सहा इंचांपर्यंत मुभा आहे, पण दर पूर्ण दोन इंचांमागे एक फासा. सहा इंचांना तीन फासे, आणि तिन्ही साधण्याची शक्यता आठात एक. पडलेल्या माणसाला एक ते तीन आघात बसतात, आणि जितके इंच तो पडला तितके त्या प्रत्येक आघाताचे बळ. माणूस कितीही नामांकित असो, उंचीचा हिशेब बदलत नाही.

याच खेळातला एक बारीक नियम छप्पर करणाऱ्याने पाठ करून ठेवावा. कडेपासून एका इंचाच्या आत उभी असलेली सोंगटी मार खाऊन आडवी झाली, तर ती खाली कोसळते की नाही यासाठी पुन्हा चापल्याचा फासा पडतो. याचा अर्थ असा की तीन इंच रुंदीच्या सपाट छपरावर दोन्ही कडांचे एकेक इंच धोक्याचे आणि मधला जेमतेम एक इंच निर्धास्त. छप्पर अर्ध्या इंचाने अरुंद केले की ती निर्धास्त पट्टी निम्मी होते. कारागीर टेबलापाशी नसतानाही त्याच्या कात्रीने काही सोंगट्यांचे मरण असे आधीच ठरवलेले असते.

खरी छपरे

पावसाच्या कायद्याला चालण्याशी कर्तव्य नाही. इंग्लंडसारख्या ओल्या देशात गवताचे छप्पर सुमारे ५० अंशांचा उतार मागते, नाहीतर पाणी गवतात मुरून ते कुजते. तेथील सपाट, लहान कौलांनाही ४० अंशांच्या आसपास उतार द्यावा लागतो, कारण कौल कौलावर नुसते रचलेले असते आणि पाणी वेगाने निथळले पाहिजे. एकमेकांत अडकणारे मंगलोरी कौल याहून कमी उतारावर चालते.

आगीचा कायदा याहून कडक होता. १२१२ च्या आगीनंतर लंडनमध्ये नवी घरे गवताने शाकारण्यास मनाई झाली, आणि कौलांचे दिवस आले. १४७७ मध्ये तर इंग्लंडच्या पार्लमेंटने कौलाचे मापच ठरवून दिले: साडेदहा इंच लांब, सव्वासहा इंच रुंद. १६६६ च्या भीषण आगीनंतर विटा आणि दगड यांखेरीज बाहेरच्या भिंती बांधू नयेत असे ठरले. १७०७ च्या कायद्याने लाकडी वळचणीवर गदा आली. लाकडाची कड पुढे काढण्याऐवजी विटांची भिंतच छपराच्या वर कठड्यासारखी चढवण्यात येऊ लागली. त्या कठड्याच्या मागे, पाख्याच्या पायथ्याशी, पन्हळ आली. शिशाचा पत्रा बसवलेली, पाऊल मावेल अशी ही अरुंद पन्हळ म्हणजे लंडनच्या छपरांवरची पहिली पाऊलवाट म्हणावयास हरकत नाही. दुरुस्तीला येणारा गवंडी, धुराडे साफ करणारा आणि चोर यांची ती वाट. (धुराड्यात लहान मुलांना चढवण्याची क्रूर चाल १८७५ च्या कायद्याने बंद पडली, अद्भुतरम्य नगरातील चोरपोरांच्या टोळ्यांमागे त्या मुलांची सावली आहे असे मला वाटते.)

दोन कायद्यांचा सर्वांत सुंदर मेळ मात्र आगीच्या कायद्यापूर्वीच्या घरांत सापडतो. मध्ययुगीन लाकडी घरांत वरचा मजला खालच्याहून हात-दीड हात पुढे काढीत, त्यावरचा मजला आणखी पुढे. समोरासमोरची घरे अशी वाढत गेली की रस्ता तळाशी रुंद आणि वर चिंचोळा होई. यॉर्क शहरातील शॅम्बल्स ही खाटकांची जुनी गल्ली आजही अशी आहे. आता टेबलावर पाहा: सोंगट्यांना हिंडायफिरायला तळाशी चार इंचांचा रस्ता हवा, आणि उडीसाठी वर दोन-तीन इंचांची फट. दोन मजले प्रत्येकी पाव इंच पुढे काढले आणि वर पाव इंचाची वळचण दिली, तर चार इंचांच्या रस्त्यावर अडीच इंचांची फट उरते. मध्ययुगातल्या सुताराने जागेच्या हव्यासाने जे केले ते खेळाच्या नियमाला तंतोतंत जुळावे, हा योगायोग मला फार आवडतो.

व्हेनिसमध्ये आणखी एक सोय आहे. तेथे कौलांच्या वर विटांच्या खांबांवर लाकडी मचाण बांधतात. त्याला 'आल्ताना' म्हणतात. कपडे वाळवणे, ऊन खाणे यासाठी ते असते. उतरत्या छपरांच्या गर्दीत सपाट पृष्ठभाग कोठून आणावा असा प्रश्न पडणाऱ्याने हे मचाण डोळे मिटून उचलावे. व्हेनिसवर बेतलेल्या 'कार्नेव्हाले' या खेळात छपरांवरची धावपळ मुख्य आहे, यात नवल नाही. तेथे गल्लीच्या जागी कालवा असतो आणि पडणारा पाण्यात पडतो.

पुठ्ठ्याची कौले

४५ अंशांच्या पाख्यावर सोंगटी उभी राहत नाही, घसरते. येथे दोन्ही कायद्यांचे भांडण हातघाईवर येते. काही जण उतार २० अंशांवर आणून सोंगटी उभी करतात, पण मग नगर इंग्लंडचे न राहता गोदामांच्या पत्र्यांचे दिसू लागते. मला दुसरा मार्ग बरा वाटतो. पाखे हवे तितके उभे ठेवावेत, आणि उभे राहण्याच्या जागा स्वतंत्र कराव्यात: कठड्यामागची पन्हळ, आढ्यावर बसवलेली फळी, पोटमाळ्याच्या खिडकीपुढचा सज्जा, धुराड्याचा चौथरा, दुरुस्तीसाठी टाकलेली शिडी. सोंगटीची बैठक साधारण २५ मिलिमीटर व्यासाची असते, म्हणून पन्हळीची रुंदी तीस मिलिमीटरहून कमी नसावी. खऱ्या मापाने पाहिले तर ती सहा फुटांची होते, जी कोठल्याही लंडनच्या घराला नव्हती. हे असत्य सर्वांना दिसते, म्हणून ते चालते.

न चालणारे असत्य वेगळे असते. वळचण भिंतीपुढे आलेली असताना फट भिंतीपासून मोजायची की वळचणीच्या कडेपासून? पाख्यावर सोंगटी टेकली नाही, पण खेळाडू म्हणतो की तो तेथे आहे, तर मानायचे का? हे प्रश्न उडीच्या क्षणी निघाले तर उत्तर कोणाच्या तरी हिताचे आणि कोणाच्या तरी जिवाचे असते. म्हणून खेळ सुरू होण्यापूर्वी टेबलाभोवती एक फेरी मारून प्रत्येक छपराबद्दल ठरवून घ्यावे: येथे उभे राहता येते, येथे फक्त सरपटता येते, येथे येणारा घसरतो. कौलांचा रंग जरा बदलून ही खूण छपरावरच करता आली तर उत्तम. तुटकी, शेवाळलेली कौले दिसली की तेथे फासा टाकायचा, असा संकेत कोणालाही न सांगता समजतो. दिवाळीतल्या किल्ल्यावरचा मावळा दरवाजापेक्षा उंच असतो आणि त्याचे कोणालाच काही वाटत नाही, कारण तेथे इंचपट्टी घेऊन कोणी बसलेले नसते.

कौलांच्या मापातही असेच आहे. १४७७ चे कौल ६० पट लहान केले तर ते अडीच मिलिमीटरांहून किंचित रुंद होते, आणि एकावर एक रचल्यावर त्याची जेमतेम पावणेदोन मिलिमीटर ओळ उघडी राहते. पंधरा सेंटिमीटर लांब आणि दहा सेंटिमीटर उंच अशा एका पाख्याला तीन हजारांहून अधिक कौले लागतील. एवढे करूनही दोन हातांवरून पाहणाऱ्याला नुसता खरखरीत पुठ्ठा दिसेल. आठ मिलिमीटर रुंदीची कौले सहा मिलिमीटरांच्या ओळींत लावली तर सव्वातीनशेत काम भागते, आणि डोळ्याला कौले 'दिसतात'. पातळ पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना निम्म्यापर्यंत कापे देऊन त्या खालून वर, एकीवर एक, चिकटवत जाव्यात. मधूनच एखादे कौल तिरके करावे, एखादे उडवून खालचा वासा दाखवावा.

साहित्याविषयी थोडक्यात. थर्माकोल हलके खरे, पण त्याचे दाणे सुटतात, आणि फवाऱ्याच्या डब्यातील रंगाने ते विरघळते. शिवाय सजावटीच्या थर्माकोलवर महाराष्ट्रात २०१८ मध्ये बंदी आली. वह्यांचे पुठ्ठे, बुटांची खोकी, फेव्हिकॉल आणि आइसक्रीमच्या काड्या एवढ्यात चांगले नगर होते. रंग देताना आधी गडद तपकिरी सर्वत्र लावावा, मग जवळजवळ कोरड्या कुंचल्याने विटकरी रंग वरवर फिरवावा. कडा उजळतात आणि फटी काळ्या राहतात. धुराड्याभोवती काजळी हवी. हिरवट शेवाळ उत्तरेकडच्या पाख्यावर जास्त द्यावे, कारण उत्तर गोलार्धात त्या बाजूला ऊन कमी.

छप्पर भिंतीला चिकटवू नये. चोर झरोक्यातून आत उतरला की छप्पर उचलून पोटमाळा उघडा करता आला पाहिजे. वेल्सला नको असलेले पेच ते हेच, आणि खेळाचा निम्मा आनंद आज त्यांतच आहे.

जेथे छप्पर हाच रस्ता

आतापर्यंत आपण उतरत्या छपरांचे नगर पाहिले, कारण हे खेळ ज्या देशांत वाढले तेथली छपरे तशी आहेत. परंतु जगातील पुष्कळ जुनी नगरे सपाट छपरांची होती, आणि त्यांत चातालह्युयुक हे तुर्कस्तानातील नवाश्मयुगीन गाव विलक्षण आहे. सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वी वसलेल्या या गावात घराला घर लागून होते; त्यांच्यामध्ये रस्तेच जवळजवळ नव्हते. माणसे छपरांवरून ये-जा करीत आणि छपरातल्या भोकातून शिडीने घरात उतरत. चुलीचा धूरही त्याच वाटेने बाहेर पडे. जेम्स मेलार्ट याने १९६१ पासून तेथे उत्खनन केले, १९९३ पासून इयन हॉडर याच्या नेतृत्वाखाली ते दीर्घकाळ चालले, आणि २०१२ मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारशात स्थान दिले.

मराठवाड्यातील माळवदाची घरे ज्यांनी पाहिली आहेत त्यांना ही कल्पना परकी वाटणार नाही. उन्हाळ्यात माळवदावर झोपणे, कुरडया-पापड तेथेच वाळत घालणे, आणि शेजारणीकडे विरजण मागायला दाराने न जाता माळवदावरून जाणे, हे गावांत अगदी परवापरवापर्यंत चालत असे.

अशा नगरात खेळाचे गणित पार बदलते. गल्लीच नाही, तेव्हा उडी नाही. 'मॉर्डहाइम'चे ते तीन इंच येथे निरुपयोगी. त्याऐवजी दोन शेजारच्या छपरांच्या उंचीतला फरक महत्त्वाचा होतो, आणि त्याहून महत्त्वाचे होते ते भोक. छपरावर लपायला धुराडे नाही, उघड्यावर सगळे सगळ्यांना दिसतात, आणि धुराने भरलेल्या भोकातून खाली उतरणाऱ्याला आत कोण बसले आहे हे ठाऊक नसते. असे नगर करणे सोपेही आहे. एका फळीवर कमीअधिक उंचीची खोकी खेटून मांडावीत, उंचीत एक ते चार सेंटिमीटरांचा फरक ठेवावा, वर माती आणि फेव्हिकॉल यांचा लेप द्यावा, आणि प्रत्येक खोक्याला सोंगटीची बैठक आरपार जाईल एवढे, तीन सेंटिमीटरांचे भोक पाडावे. शिड्या काड्यांच्या कराव्यात आणि सुट्या ठेवाव्यात, म्हणजे आतल्या माणसाला आपली शिडी काढून घेता येते, आणि बाहेरच्याला किती इंचांची उडी घ्यायची याचा हिशेब भोकाच्या काठावर बसून करावा लागतो.